भिंतीला कोणता थर लावायचा? एका नव्या घराचे प्रकरण

## पार्श्वभूमी

स्वतंत्र, दोन मजली घर. आरसीसीचा सांगाडा, कॉलम-बीमच्या मधल्या जागेत २३० मिलिमीटर जाडीची विटांची भिंत, आत-बाहेर गिलावा. कुटुंबात पाच माणसे: नवरा-बायको, दोन मुले आणि नवऱ्याचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात. मी या कामात इमारतीच्या उष्णतेसंबंधी सल्लागार होतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण निर्णयांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

हवामान भिंतीला वर्षभर कामाला लावणारे. उन्हाळा कडक, पावसाळ्यात वाऱ्याबरोबर आडवा मारा, आणि थंडीचे दिवस थोडे असले तरी पहाटे चांगलाच गारठा. आधीच्या घरात त्यांच्या निजायच्या खोलीला पश्चिमेची भिंत होती. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री आत उष्णता सोडत राहायची. यात आश्चर्य काही नाही. एवढ्या जाडीच्या विटांच्या भिंतीतून उष्णतेची लाट आत पोहोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात, म्हणजे दुपारी तीनचे ऊन बरोबर झोपायच्या वेळी खोलीत येते. नव्या घरात हे नको, एवढे घरमालकीणबाईंचे पक्के होते.

माझ्याकडे ते आले तेव्हा जोते भरून झाले होते, तळमजल्याचे कॉलम उभे होते आणि लिंटेलचे सेंट्रिंग चालू होते. ही वेळ पुढे महत्त्वाची ठरली.

## अडचण

त्यांचा प्रश्न सरळ होता: भिंतीतून येणारी उष्णता अडवायला सगळ्यात चांगले मटेरियल कोणते? टेबलावर तीन-चार माहितीपत्रके होती आणि प्रत्येकात आपलाच माल कसा सरस हे लिहिलेले. ठेकेदाराचे म्हणणे त्याहून सोपे. "ताई, विटांऐवजी एएसी ब्लॉक घ्या. ब्लॉक म्हणजेच इन्सुलेशन. वेगळा थर कशाला?"

एएसी ब्लॉक म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा ठोकळा. ठेकेदाराचे बोलणे अगदीच हवेतले नव्हते. भाजक्या विटेची उष्णतावाहकता ०.७ च्या आसपास असते आणि कोरड्या एएसी ब्लॉकची ०.१६ च्या आसपास, म्हणजे चौपटीहून अधिक फरक. रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे बोर्ड) किंवा थर्माकोल ०.०३५ च्या घरात, पॉलियुरेथेनचा फोम ०.०२५ च्या. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी जाते. या हिशेबात फोम पहिला, रॉकवूल-थर्माकोल दुसरे, ब्लॉक तिसरा आणि वीट शेवटची. माहितीपत्रके इथेच थांबतात.

पण घराची भिंत एकाच मालाची नसते. कॉलम, बीम, लिंटेल, स्लॅबची कड हे सगळे काँक्रीटचे, आणि सळईसह काँक्रीटची वाहकता २ च्या वर जाते. म्हणून मी आधी नकाशावर बाहेरच्या भिंतींचे क्षेत्रफळ मोजायला सांगितले. खिडक्या-दारे वगळून जो भाग उरला, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा काँक्रीटचा निघाला.

## पर्याय आणि त्यांचा हिशेब

तुलना यू-मूल्यावर केली. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. हिशेबात प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला वाहकतेने भागायचे, आलेले सगळे रोध मिळवायचे, त्यात आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाचा रोध (०.१३ आणि ०.०४) घालायचा आणि बेरजेचा व्यस्तांक काढायचा. आयएसओ ६९४६ या मानकाची पद्धत याच पायावर उभी आहे. कागद-पेन घेऊन घरबसल्या जमण्यासारखे गणित आहे, आणि बाईंनी ते स्वतः करून पाहिले.

नुसती विटांची भिंत: १.९. नुसता २०० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक: ०.७. इथपर्यंत ठेकेदार बरोबर. मात्र उघड्या कॉलम-बीमचे यू-मूल्य ३ च्या वर जाते. ८० टक्के ब्लॉक आणि २० टक्के काँक्रीट अशी सरासरी काढली तर सबंध भिंत १.२ च्या जवळ येऊन बसते, आणि तिच्यातून जाणाऱ्या उष्णतेतला निम्म्याहून जास्त वाटा त्या पाचव्या हिश्श्यातून जातो. ब्लॉक आणखी चांगला आणला तरी ही गळती तशीच राहणार. तळाला भोक असलेल्या बादलीला वरून जाड पत्रा ठोकल्यासारखे.

दुसरा पर्याय पोकळ भिंतीचा होता: विटांचे दोन पदर आणि मधे ५० मिलिमीटरचा बोर्ड. विटांच्या भागात ०.५२ असा छान आकडा मिळतो, पण कॉलम इथेही उघडेच. सरासरी १.० च्या आसपास. शिवाय दोन पदर बांधायला जागा, वेळ आणि हात जास्त लागतात, आणि पोकळीत पडलेला मसाला पुढे ओलीचा पूल बनतो. आप्पांचा कल या पर्यायाकडे होता, कारण भिंत दोन्हीकडून भरीव लागते. त्यांचा मुद्दा मी लिहून ठेवला. तो पुढे पुन्हा आला.

तिसरा, आतून थर लावून जिप्सम बोर्ड मारायचा. काम सोपे, पावसाची काळजी नाही, आणि खोली लवकर थंड किंवा उबदार होते, कारण जड भिंत थराच्या पलीकडे राहते. रात्रीपुरता एसी चालणाऱ्या एखाद्या खोलीसाठी हा गुण खरा आहे. पण आडव्या भिंती आणि स्लॅब जिथे बाहेरच्या भिंतीला भिडतात तिथे थर तुटतो. आणि वाफेचे काय? थंडीत २२ अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्के असेल तर १४ अंशांच्या आसपास वाफेचे पाणी होऊ लागते, आणि थरामागची वीट आता खोलीच्या उबेपासून तुटल्यामुळे तेवढी गार होऊ शकते. वाफ अडवायला आतून प्लास्टिकचा पडदा लावला तर पावसाळ्यात उलटे होते. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६ अंशांवर असतो. आत एसी २४ वर, बाहेरची वाफ भिंतीतून आत सरकते आणि त्याच पडद्याच्या मागे थेंब धरते. वर्षातून दोनदा वाफेची दिशा बदलते अशा ठिकाणी आतला थर मी सहसा सुचवत नाही.

चौथा पर्याय बाहेरून अखंड थर: भिंतीवर बोर्ड चिकटवायचे, फास्टनर मारायचे, वर जाळीसह पातळ गिलावा. कॉलम, बीम, स्लॅबची कड सगळे एका आवरणाखाली येते. विटांवर ७५ मिलिमीटर रॉकवूल धरले तर विटांचा भाग ०.३८ आणि कॉलम ०.४१. म्हणजे दोघांतला फरक जवळपास पुसला गेला. एएसी ब्लॉकवर ५० मिलिमीटर लावूनही सरासरी ०.४० येते.

पॉलियुरेथेन फवारायचा पर्याय लवकर बाजूला पडला: सपाट पृष्ठभाग मिळत नाही, त्यावर थेट गिलावा धरत नाही. 'इन्सुलेशन पेंट'चेही एक पत्रक होते. मिलिमीटरभर जाडीच्या थराला उष्णतारोध म्हणण्याइतका रोध असूच शकत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो हे खरे, पण तो गुण पांढरेपणाचा आहे आणि साध्या पांढऱ्या रंगातही मिळतो.

## निर्णय पहिला: वीट की ब्लॉक

बाहेरचा थर ठरल्यावर आतली भिंत कशाची, हा प्रश्न बराच सौम्य झाला. ब्लॉक वजनाने विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असतो आणि भिंतीची जाडीही वाचते. उलट सांगाडा विटांच्या वजनासाठी आखून, पाया घालून झाला होता, त्यामुळे हलकेपणाचा फायदा हातातून गेलेला. फास्टनर विटेत घट्ट बसतो; ब्लॉकमध्ये वेगळा, जास्त खोल जाणारा लागतो. शिवाय थर बाहेर असला की आतली जड भिंत दिवसाची चढ-उतार पचवते. वीट ठेवायचे ठरले. पायाच्या आधी भेटलो असतो तर मी ब्लॉककडे झुकलो असतो.

## निर्णय दुसरा: रॉकवूल की थर्माकोल

उष्णतेच्या हिशेबात दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही. थर्माकोल हलका, स्वस्त, कापायला सोपा. पण तो १०० अंशांच्या आसपासच मऊ पडून आकसतो आणि ज्योत लागली की पेट घेतो. रॉकवूल १,००० अंशांपर्यंतही वितळत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली, तेव्हा बाहेरच्या पत्र्यांमधला पॉलिथिलीनचा गाभा आणि त्यामागचा फोम जगभर चर्चेत आला. दोन मजली घराची तुलना त्या उंच इमारतीशी होत नाही, इथून माणसे लवकर बाहेर पडू शकतात. तरी शेजारचे घर जवळ होते आणि स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला. वाफेचा मुद्दाही होता. रॉकवूल वाफेला जवळजवळ हवेइतकीच वाट देते, म्हणजे नव्या बांधकामात साठलेले पाणी बाहेर सुकत जाते. रॉकवूल ठरले.

माझे मत विचाराल तर, सुटे घर, मधे मोकळी जागा आणि हात आखडता असेल तर आग-प्रतिबंधक जातीचा थर्माकोल आणि प्रत्येक मजल्यावर रॉकवूलची एक आडवी पट्टी हा पर्यायही वाजवी आहे.

जमिनीलगतची साधारण ३०० मिलिमीटर पट्टी मात्र दोन्हींसाठी अयोग्य. तिथे पावसाचे उडते पाणी सतत लागते. तेवढ्या भागात पाणी न शोषणारा एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोमचा) बोर्ड लावला, आणि तो मातीत न घालता जमिनीच्या वर थांबवला, कारण वाळवी फोममधून बिनबोभाट वर चढते. पाहायला मोकळी पट्टी असली की वाळवीने चढवलेली माती दिसते तरी.

## निर्णय तिसरा: जाडी वाढवायची की पैसे दुसरीकडे घालायचे

घरमालकांना १०० मिलिमीटर हवे होते. "एकदाच करतोय, तर जाड करू." यावर पुन्हा हिशेब मांडला. पहिल्या ५० मिलिमीटरने विटांची भिंत १.९ वरून ०.५२ वर येते, पुढच्या २५ ने ०.३८ वर, त्यापुढच्या २५ ने ०.३० वर. घराच्या बाहेरच्या भिंती सुमारे १८० चौरस मीटर. आत-बाहेर १२ अंशांचा फरक धरला तर शेवटच्या २५ मिलिमीटरने वाचतात सुमारे १७० वॅट. ऊन खाणाऱ्या भिंतीवर फरक दुप्पट धरला तरी आकडा ३५० च्या आत.

आता पश्चिमेची मोठी खिडकी पाहा: तीन चौरस मीटर काच. उतरत्या उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर ५०० वॅट सहज पडतात आणि साधी काच त्यातले बहुतेक आत सोडते. एका खिडकीतून हजार वॅटहून जास्त. आतला पडदा ओढून फारसे काही साधत नाही, तोवर ऊन काचेच्या आत आलेले असते.

मग ७५ वर थांबायचे ठरले. वाचलेले पैसे पश्चिमेच्या खिडक्यांच्या बाहेरून बंद होणाऱ्या झडपांकडे आणि गच्चीवरच्या जाड थराकडे वळवले. या बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला असे मला वाटते.

## प्रत्यक्ष काम

पहिली अडचण छज्ज्यांची. तळमजल्याचे लिंटेल आणि छज्जे एकत्र ओतायची तयारी झालेली, सळया बांधलेल्या. काँक्रीटचा छज्जा म्हणजे थराला भेदून बाहेर आलेले काँक्रीटचे पाते. ओतणे थांबवले असते तर गवंड्यांची टोळी दुसऱ्या साइटवर गेली असती. घरमालकांनी तळमजला आहे तसा होऊ दिला आणि वरच्या मजल्याचे छज्जे रद्द करून तिथे हलके, ब्रॅकेटवर टेकणारे छत घेतले. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा. तळमजल्याच्या छज्ज्यांना वरून-खालून पातळ बोर्ड गुंडाळला. अर्धा उपाय, पण वेळ निघून गेली होती.

जोते आधीच्या मापाने झालेले, त्यामुळे ७५ मिलिमीटरचा थर त्याच्या बाहेर आला. खाली तळाची पट्टी बसवून तिला पाणी गळून पडेल अशी कड ठेवली. खिडक्यांच्या चौकटी विटेच्या बाहेरच्या कडेला आणल्या आणि थर चौकटीवर थोडा चढवला. असे केले नाही तर चौकटीभोवतीची विटेची उघडी कड सगळीकडून उष्णता खेचते.

बोर्ड लावणारी माणसे चांगली होती, पण त्यांचा हात टाइल्सवर बसलेला. दोन टाइल्समध्ये फट ठेवून ती सिमेंटने भरायची, ही सवय त्यांनी इथेही लावली. उत्तरेच्या भिंतीवर बोर्डांमध्ये बोटभर फटी आणि त्यांत मसाला. दिसायला किरकोळ. हिशेब केला तर १००० बाय ६०० मिलिमीटरच्या बोर्डांभोवती १० मिलिमीटरच्या फटी म्हणजे अडीच-पावणेतीन टक्के क्षेत्र, आणि मसाल्याची वाहकता रॉकवूलच्या पंचवीसपट. थराची एकूण वाहकता दीडपटीहून अधिक होते. ७५ मिलिमीटरचे पैसे देऊन ५० पेक्षाही कमी मिळाले असते. ती भिंत उतरवली, फटीत रॉकवूलचे काप दाबून बसवायचे ठरले. ठेकेदार आधी नाराज झाला. त्याला आकडे दाखवल्यावर पुढच्या भिंतींवर तो स्वतःच बोट फिरवून फटी तपासू लागला.

बाकीच्या गोष्टी माहितगारांना नव्या नाहीत. बोर्डाच्या मागे कडेने सलग मसाल्याची वेटोळी, मध्ये ठिपके, म्हणजे मागून हवा खेळत नाही. सांधे एकाआड एक, आणि खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत सांधा येऊ द्यायचा नाही. कोपऱ्यावर जाळीचा तिरपा तुकडा, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यातच तिरपी भेग पडते. रंग फिका, कारण गडद रंगाचा पातळ गिलावा मागे उष्णता सोडू शकत नाही आणि तापून तडकतो. एसीचे पाइप, दिव्यांच्या वायरी, पाण्याच्या नळाचे आधार यांची भोके थर लावण्याआधीच. हे शेवटचे सांगूनही एक भोक नंतर पडलेच.

## परिणाम

पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खोलीची भिंत रात्री हाताला गरम लागली नाही. घरमालकीणबाईंचा मूळ आग्रह पूर्ण झाला. त्याचबरोबर एक नवी तक्रार: संध्याकाळी कधीकधी घर बाहेरच्यापेक्षा उकडते. चौकशीत कळले की मुले शाळेतून आली की भर दुपारी खिडक्या सताड उघडत. आत आलेली उष्णता जड भिंती शोषून घेतात आणि बाहेरच्या थरामुळे ती सहज बाहेर पडत नाही. दुपारी बंद, रात्री उघड्या असा क्रम लावल्यावर तक्रार मिटली. थर बसवताना घर वापरायची रीत बदलते, हे सांगायला हवे असते. माहितीपत्रकांत ते नसते.

पावसाळ्यात गच्चीच्या कठड्याखाली एक ओला डाग उमटला. कठड्याच्या माथ्यावरचा गिलावा थराच्या बाहेरच्या कडेपर्यंतच होता, पाणी कडेवरून थराच्या मागे जात होते. माथ्यावर दोन्ही बाजूंनी पुढे येणारी, कडेला पाणी तोडणारी पत्र्याची टोपी बसवली. डाग सुकला.

थंडीत एका पहाटे उष्णताचित्र घेणारा कॅमेरा लावून पाहिला. भिंती सगळीकडे एकसारख्या, कॉलम कुठे आहेत ते ओळखता येईना. तळमजल्याच्या छज्ज्यांच्या मुळाशी मात्र उबदार पट्टे स्पष्ट दिसले. आतल्या बाजूला त्या रेषेत भिंत थोडी गार लागते. बुरशी आलेली नाही, पण त्या कोपऱ्यात कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका असे सांगितले आहे.

आप्पांचा आक्षेप मात्र राहिला: बाहेरून टिचकी मारली की भिंत पोकळ वाजते. वाजतेच. पातळ गिलाव्याला सायकलची मूठ आपटून दोन ठिकाणी खड्डेही पडले. दुरुस्तीत जमिनीपासून माणसाच्या कमरेपर्यंत दुहेरी जाळी घातली.

## काय वेगळे करता आले असते

थराचा विचार नकाशा काढतानाच व्हायला हवा होता. जोत्याला ७५ मिलिमीटरची कड आधीच बाहेर काढता आली असती, तळमजल्याचे छज्जे सुटे ठेवता आले असते, आणि वीट की ब्लॉक हा निर्णय पायाच्या मापांसह घेता आला असता.

पहिल्या भिंतीआधी एक खिडकी आणि तिचा कोपरा नमुना म्हणून पूर्ण करून घेतला असता तर उत्तरेची भिंत उतरवावी लागली नसती. चौकटीवाला, थर लावणारा आणि प्लंबर यांनी त्या नमुन्यासमोर एकत्र उभे राहायला हवे. नंतर पडलेले ते एक भोक याच तिघांच्या मधल्या फटीतून आले.

दुहेरी जाळीही पहिल्यापासून असायला हवी होती. आणि कठड्याच्या माथ्याचे रेखाटन मूळ नकाशात नव्हतेच. ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडले गेले. आता घराच्या मागे एक खोली वाढवायची आहे. तिच्या नकाशात छज्जा लिंटेलपासून सुटा आहे आणि कठड्याची टोपी मापासह काढलेली आहे. आप्पांनी मात्र त्या खोलीची बाहेरची एक भिंत भरीव दगडाची मागितली आहे. ती खोली बिनएसीची आणि उत्तरेला असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.